वीस बाइट, तीन तारा

“अगं, एवढ्या मोठ्यानं कुणाला सांगतेयस? पलीकडच्या खोलीत शब्द न् शब्द ऐकू येतोय.”

आईनं दार ढकलून हे विचारलं तेव्हा मी मीटिंगमध्ये होते आणि माझ्या समजुतीनं अगदी हळू बोलत होते. कानांवर हेडसेटच्या जाड गाद्या होत्या. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून केलेली ती सोय माझा आवाजही माझ्यापर्यंत पोचू देत नव्हती. आपण किती जोरात बोलतोय याचा अंदाज आपल्याला आपल्याच कानांवरून येतो. ते झाकले की आवाज नकळत चढतो. गोंगाटात माणूस आपोआप मोठ्यानं बोलू लागतो हे एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ साली मांडलं, आणि त्या परिणामाला आजही त्यांचंच नाव आहे.

टेलिफोन बनवणाऱ्यांना यावरचा उपाय फार आधी कळला होता. रिसीव्हरमधून समोरच्याच्या आवाजाबरोबर बोलणाऱ्याचा स्वतःचा आवाजही थोडासा ऐकू द्यायचा. त्याला साइडटोन म्हणतात. सुरुवातीच्या फोनमध्ये तो फार जास्त असे, इतका की माणसं दबकून बोलत. मग तो घटवणारी सर्किटं आली. पण इंजिनिअरांनी तो पुरता काढून टाकला नाही, कारण साइडटोन अजिबात नसला की फोन बंद पडल्यासारखा वाटतो आणि बोलणारा ओरडायला लागतो. फोनवर बोलताना आपला आवाज आपल्याला परत मिळतोय हे मला इतक्या वर्षांत कधी जाणवलं नव्हतं. तो मिळेनासा झाला तेव्हा जाणवलं.

माझ्या हेडसेटमध्ये साइडटोन होता. खोक्यावर तसं छापलेलं होतं. पण तो चालू करायचा तर उत्पादकाचं सॉफ्टवेअर हवं, आणि ते सॉफ्टवेअर लिनक्स या खुल्या कार्यप्रणालीवर चालत नव्हतं. लॅपटॉप जुना झाल्यामुळे मी त्याच महिन्यात लिनक्सवर आले होते. गाणी वाजत होती, माइक चालत होता, कारण यूएसबीवरून आवाज कसा न्यायचा याचे नियम जाहीर आहेत आणि ते कुणालाही वापरता येतात. साइडटोन किती ठेवायचा, हेडसेटची बॅटरी किती उरली, बाजूचे दिवे कसे विझवायचे, वापर नसताना किती मिनिटांनी तो झोपी जावा, हे सगळं मात्र हाताबाहेर गेलं. वस्तू माझी, कानांवर माझ्या, आणि तिला एवढंसं विचारायची सोय नाही!

शोधता शोधता हेडसेटकंट्रोल नावाचं एक छोटं साधन सापडलं. त्याला स्वतःची बटणं नाहीत, चित्रं नाहीत. टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, एक ओळ लिहायची, की ते हेडसेटला प्रश्न विचारून उत्तर आणून देतं. साइडटोनला शून्य ते एकशे अठ्ठावीस असा एकच मोजमापाचा पट्टा ठेवलेला आहे, मग हेडसेट कोणत्याही कंपनीचा असो. आतून मात्र प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. एखाद्याला जेमतेम चार पायऱ्या कळतात, एखाद्याला शंभर. ते जुळवून घेण्याचं काम हे साधन निमूटपणे करतं. जीपीएल परवान्याखाली खुलं आहे, म्हणजे त्याची ओळ न् ओळ वाचता येते, बदलता येते.

त्याच्या माहितीपानावर एक तक्ता आहे. उभ्या रांगेत हेडसेटांची नावं, आडव्या रांगेत सोयी: साइडटोन, बॅटरी, दिवे, झोपेची वेळ, इक्वलायझर. काही चौकोनांत खूण, बरेच रिकामे. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी फक्त माझं मॉडेल शोधलं. ते नव्हतं. त्याच घरातलं आधीचं भावंड होतं, त्याच्यापुढे तीन खुणा होत्या. ती एकेक खूण कशी पडते हे मला पुढच्या आठवड्यात कळलं, आणि तेव्हापासून तो तक्ता मी वेगळ्याच नजरेनं पाहते.

हेडसेट यूएसबीला जोडला की तो संगणकाला स्वतःची ओळख दोन आकड्यांत सांगतो: कोणत्या उत्पादकाचा आणि कोणती वस्तू. आवाजाची वाट वेगळी. साइडटोन आणि बॅटरीसारख्या गोष्टी जातात त्या बहुतेक वेळा एचआयडी नावाच्या वाटेनं, जी मुळात कीबोर्ड आणि माउससाठी आखलेली. तिचे नियम जाहीर आहेत. कीबोर्डवरचं कोणतं बटण म्हणजे कोणता आकडा हे तिथं ठरलेलं आहे. पण त्याच नियमांत उत्पादकांसाठी एक रान मोकळं सोडलेलं आहे. षोडशमान अंकांत एफएफ०० आणि त्यापुढची पानं ज्याची त्यानं वापरावी, तिथं कोणता आकडा म्हणजे काय हे ज्याचं त्यानं ठरवावं. साइडटोन त्या रानात राहतो. भाषा आहे, पण तिचा शब्दकोश उत्पादकाच्या कपाटात.

तो शब्दकोश बाहेरून पुन्हा लिहिण्याचा एक मार्ग फार साधा आहे: कान देऊन बसायचं. आभासी यंत्रात, म्हणजे संगणकाच्या आतच चालणाऱ्या दुसऱ्या संगणकात, उत्पादकाचं सॉफ्टवेअर चालवायचं, हेडसेट त्याच्या हवाली करायचा, आणि मधल्या तारेवरून जाणारं सगळं बोलणं वायरशार्क नावाच्या साधनात टिपून ठेवायचं. माझ्या हेडसेटला जाणारा प्रत्येक संदेश वीस बाइटांचा होता. साइडटोनची पट्टी मी शून्यावर नेली, संदेश टिपला. एक पायरी वर, पुन्हा टिपला. वीस आकड्यांच्या दोन ओळी एकाखाली एक ठेवल्या. एकोणीस आकडे तेच, एक बदललेला. पट्टी आणखी सरकवली, तोच आकडा आणखी सरकला.

रात्रीचे दोन वाजले होते. त्या एका आकड्यानं मला जो आनंद झाला तो सांगताना आजही माझा आवाज चढतो, आणि त्यात गाद्यांचा काही दोष नाही.

एक गोष्ट मी तेव्हाच शिकले. ऐकणं निर्धोक असतं, बोलणं नसतं. ज्या वाटेनं साइडटोनचा आकडा जातो त्याच वाटेनं फर्मवेअर, म्हणजे हेडसेटला आतून चालवणारं सॉफ्टवेअर, बदलण्याचे हुकूमही जाऊ शकतात. म्हणून न ऐकलेला आकडा नुसत्या अंदाजानं पाठवून बघू नये. उत्पादकाचं सॉफ्टवेअर जे बोलताना ऐकलं, तेवढंच आपण बोलायचं. हेडसेटकंट्रोलच्या तक्त्यातले कित्येक रिकामे चौकोन याच संयमाचे आहेत. कुणी ऐकलेलं नाही, म्हणून कुणी लिहिलेलं नाही.

माझ्या मॉडेलची भाषा जुन्या भावंडासारखीच निघाली, फक्त ओळखीचा आकडा नवा. बदल दोन-चार ओळींचा होता. तो हेडसेटकंट्रोल सांभाळणाऱ्यांना पाठवला, तपासणाऱ्यानं एक प्रश्न विचारला, मी उत्तर दिलं, आणि तक्त्यात एक नाव वाढलं. ज्यांना मी कधी भेटणार नाही अशा कुणाकुणाच्या रात्री त्या तक्त्यात खुणा होऊन बसल्या आहेत, त्यांत एक माझी. मी साइडटोन चाळीसवर ठेवला. दुसऱ्या दिवशी मीटिंग संपल्यावर आईला विचारलं, तर ती म्हणाली, “आज होती का मीटिंग?”

बॅटरीचा चौकोन मात्र मला लगेच भरता आला नाही. माझा हेडसेट टक्के सांगतच नाही, नुसतं व्होल्टेज सांगतो. अशा हेडसेटांसाठी लोकांनी काय केलंय ते पाहून मी थक्क झाले. पूर्ण भरलेला हेडसेट चालू ठेवायचा, तो बंद पडेपर्यंत ठरावीक वेळानं व्होल्टेज लिहीत राहायचं, आणि त्या नोंदींतून वक्र काढायचा. मीही काढला. लिथियम-आयन सेलचा तो वक्र एकदा पाहिला की विसरता येत नाही. ४.२ व्होल्टपासून उतरतो, मग मधला मोठा पल्ला जवळजवळ सपाट चालतो, आणि शेवटी कड्यावरून पडावं तसा कोसळतो. सपाटीवर व्होल्टेजच्या जराशा फरकात कितीतरी टक्के दडलेले असतात. आपली उपकरणं वीस टक्क्यांवर रेंगाळून एकदम का मान टाकतात ते मला त्या आलेखानं समजावलं.

आणि त्या आलेखामुळेच दादानं आपला जुना लॅपटॉप माझ्याकडे आणून दिला. “तुला बॅटरीतलं कळतं म्हणे. हिला अभ्यासाला द्यायचाय, पण चार्जच होत नाही. बघ जरा.” हिला म्हणजे माझ्या भाचीला, जी दादाच्या मागे उभी राहून लॅपटॉपकडे आशेनं बघत होती.

लॅपटॉप वीज जोडून चालत होता. वायर काढली की बंद. बॅटरीचा दिवा लुकलुकून विझायचा. लिनक्सनं एवढंच सांगितलं की बॅटरी आहे, ती चार्ज होत नाही, आणि मूळ क्षमता छप्पन्न वॉट-तासांची.

लॅपटॉपची बॅटरी म्हणजे सेलांची नुसती मोळी नसते. त्या पॅकमध्ये सहा सेल होते, १८६५० जातीचे. अठरा मिलिमीटर जाड, पासष्ट मिलिमीटर लांब, म्हणून हे नाव. दोन-दोनाच्या तीन जोड्या एकापुढे एक जोडलेल्या, म्हणून वर १०.८ व्होल्ट छापलेलं. सेलांच्या शेजारी एक अरुंद सर्किट बोर्ड, आणि त्यावर एक चिप जी आयुष्यभर हिशेब ठेवते. किती करंट आत आला, किती बाहेर गेला, किती तापलं. ती चिप बोलतेसुद्धा, आणि तिची भाषा गुपित नाही. ड्युरासेल आणि इंटेल यांनी १९९५ मध्ये स्मार्ट बॅटरीचे नियम प्रसिद्ध केले, ते कुणालाही वाचता येतात. बॅटरीचा पत्ता अकरा. तिथं जाऊन आठ म्हटलं की ती तापमान सांगते, नऊ म्हटलं की व्होल्टेज, तेवीस म्हटलं की भरण्या-रिकामं होण्याची आजवर किती चक्रं झाली ते. लॅपटॉप हे सगळं तिला सतत विचारत असतो आणि त्यातलं थोडं आपल्यापर्यंत पोचू देतो.

थेट विचारायला तीन तारा पुरतात: घड्याळाची (जी संदेशाचा ताल धरते), माहितीची आणि ग्राउंडची. स्मबस नावाची ही जोडणी आयस्क्वेअर्डसी या चिपांनी आपसांत बोलायच्या प्रचलित पद्धतीची जवळची नातलग असल्यामुळे आर्डुइनोसारखा छोटा बोर्डही हे काम करतो. खास यासाठीच स्मबसबी नावाचं खुलं साधन आहे, ते सायप्रेसची एफएक्स२एलपी चिप असलेल्या साध्या बोर्डावर चालतं. मी आर्डुइनो घेतला, कारण तो ड्रॉवरमध्ये होता. पॅकच्या कनेक्टरमधल्या कोणत्या पिना कशाच्या हे मीटरनं सावकाश शोधलं. इथं घाई करू नये. एक सुटी तार धन-ऋण टोकांवर आडवी पडली तर काय होतं ते कुणालाही पाहायला लागू नये.

पहिलं उत्तर आलं २९८१. मला क्षणभर काही उमजेना. मग आठवलं की तापमान केल्विनच्या दशांशांत येतं. २९८.१ केल्विन, म्हणजे जवळजवळ पंचवीस अंश सेल्सिअस, माझ्या टेबलाचंच तापमान. मेलेली म्हणून दिलेली बॅटरी मला माझ्या खोलीची हवा सांगत होती. चक्रं ६१२. रसायन विचारलं तर चार अक्षरं आली, त्यांचा उच्चार ‘लायन’, म्हणजे लिथियम-आयनचं लघुरूप. जन्मतारीख विचारली तर १७१६६. तारखेची ही मांडणी मला फार आवडते: वर्षातून १९८० वजा करून ५१२ नं गुणायचं, महिन्याला ३२ नं, आणि त्यात दिवस मिळवायचा. उलटं सोडवलं तर १४ ऑगस्ट २०१३. दादा त्या सुमारास पहिल्यांदा घर सोडून गेला होता. रोज रात्री त्याचा याच लॅपटॉपवरून फोन यायचा. त्या ६१२ चक्रांतल्या कितीतरी चक्रांत आमचीच बोलणी असतील.

मग मी तिची अवस्था विचारली, आणि चिपनं स्वच्छ सांगितलं: कायमचा बिघाड.

या दोन शब्दांबद्दल सांगायला हवं. या चिपा सेलांवर नजर ठेवतात आणि काही विपरीत दिसलं, एखादी जोडी इतरांच्या फार मागे पडली, फार तापली, प्रमाणाबाहेर भरली गेली, तर आत एक खूण लावून चार्जिंगची वाट बंद करतात. काही पॅक तर स्वतःचा फ्यूज स्वतः जाळतात. ती खूण पुसण्याचे हुकूम चिपमध्येच असतात, फक्त पासवर्डमागे. आणि कित्येक पॅकमध्ये तो पासवर्ड चिप बनवणाऱ्यानं मुळात दिलेलाच राहून गेलेला असतो. चार्ली मिलर या सुरक्षा-संशोधकानं २०११ मध्ये ब्लॅक हॅट परिषदेत ॲपलच्या लॅपटॉप बॅटऱ्यांबद्दल नेमकं हेच दाखवलं होतं. माझ्यासमोरचा पॅकही मूळ पासवर्डलाच उघडला. आता चार बाइट पाठवले असते तर खूण पुसली गेली असती, आणि भाचीचा लॅपटॉप त्याच रात्री चार्जिंगला लागला असता.

खरं सांगते, बोट बटणावर होतं. कुलूप दिसलं की ते अन्यायाचंच असणार असं माझं मन तोवर धरून चाललं होतं. हेडसेटनं ते शिकवलं होतं, आणि तशी कुलपं आहेतही. थिंकपॅडच्या २०१२ च्या पिढीपासून पुढच्या लॅपटॉपमध्ये अशी तपासणी आहे की बॅटरी मान्यताप्राप्त नसेल तर आतला कंट्रोलर ती चार्जच करत नाही. सेल उत्तम असले तरी नाही. काहींनी मेहनत घेऊन त्या पिढीतल्या अनेक मॉडेलांच्या कंट्रोलरचं फर्मवेअर समजून घेतलं आणि ती अट काढणारं थिंकपॅड-ईसी नावाचं खुलं साधन लिहिलं. मला ते काम मोलाचं वाटतं. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी-नियमांत तर स्पष्ट आहे की १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणांतल्या छोट्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आल्या पाहिजेत, आणि दुसरी जुळणारी बॅटरी बसवण्यात सॉफ्टवेअरचा अडथळा आणता येणार नाही.

पण माझ्यासमोरचं कुलूप त्या जातीचं नव्हतं. ते कळायला मला आणखी एकच प्रश्न विचारावा लागला. प्रत्येक जोडीचं व्होल्टेज किती? पहिली ३.७१. दुसरी ३.७०. तिसरी १.४२.

लिथियम-आयन सेल अडीच व्होल्टच्या फार खाली बराच काळ राहिला की त्याच्या ऋण टोकाची तांब्याची पातळ पत्री विरघळू लागते. ते तांबं आतल्या द्रवात फिरतं, आणि सेल पुन्हा चार्ज करायला घेतला की नको तिथं सुईसारखं साचू शकतं. आतल्या आत शॉर्ट. तो आज होईल, सहा महिन्यांनी होईल किंवा कधीच होणार नाही, आणि झाला तर बाहेरून थांबवता येत नाही. ती चिप मला गिऱ्हाईक म्हणून अडवत नव्हती. तिनं तिसऱ्या जोडीची नाडी पाहिली होती आणि ती सांगत होती की आता नको. आणि हे मला का कळलं, तर तिचं बोलणं समजायची सोय होती म्हणून. भाषा बंद असती तर माझ्या हातात लुकलुकून विझणारा एक दिवा उरला असता, आणि त्या दिव्यावर मी चिडले असते. चिडलेला माणूस कुणी तरी दिलेले चार बाइट डोळे मिटून पाठवतो.

“आत्या, झाला का चालू?” भाचीनं फोनवर विचारलं. मी नाही म्हटलं. का, ते पुढच्या रविवारी ती आली तेव्हा तिला तीन आकडे दाखवून सांगितलं. तिसरा आकडा बघून ती म्हणाली, “हा आजारी आहे.” नुसती मृत जोडी बदलून पॅक पुन्हा शिवायचा विचार मी केला होता. पण नव्या जोडीशेजारी ६१२ चक्रं झालेले चार म्हातारे सेल बसवले की लवकरच पुन्हा तोच असमतोल. सहाही बदलायचे तर निकेलच्या पट्ट्यांना स्पॉट-वेल्डिंग हवं, आणि चिपच्या मनातली जुनी क्षमता पुसून तिला नव्यानं शिकवायला हवं. जाणणारे लोक हे उत्तम करतात. मला वेल्डिंग येत नाही, आणि शिकाऊ हातानं केलेला पहिला पॅक लहान मुलीच्या मांडीवर ठेवायची माझी तयारी नव्हती. दादाला नवा पॅक मागवायला सांगितलं. जुन्याच्या टोकांवर चिकटपट्टी लावून तो पुनर्वापराच्या पेटीत टाकला. त्याआधी मात्र त्याची सगळी उत्तरं उतरून घेतली आणि पिनांच्या आकृतीसह खुली ठेवली. पॅकचं नाव, चिपचा प्रकार, कोणत्या क्रमांकाला काय उत्तर येतं, सगळं. पुढच्याला मीटर घेऊन पिना चाचपत बसायला नको.

नवा पॅक आला त्या दिवशी भाची शाळेतून थेट आमच्याकडे आली. तो बसवण्याआधी मी त्यालाही तीन तारा जोडल्या. तिन्ही जोड्या ३.७६. चक्रं शून्य. लिनक्समध्ये चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवायची मर्यादा लावून देणार होते, कारण काठोकाठ भरून गरम राहिलेला सेल लवकर म्हातारा होतो, आणि हा लॅपटॉप बहुतेक वेळ वीज जोडूनच चालणार होता.

“आणि याचा वाढदिवस?” तिनं विचारलं.

मी सत्तावीस क्रमांकाचा प्रश्न पाठवला. २२३७७ असं उत्तर आलं. तिला गणित समजावलं आणि कागद पुढे केला. तिनं ५१२ नं भाग दिला, ४३ आले, बाकी ३६१. बाकीला ३२ नं भाग दिला, ११ आले, बाकी ९. मग १९८० मध्ये ४३ मिळवताना तिनं दोनदा खाडाखोड केली. शेवटी कागदाची एक पट्टी कापून तिच्यावर तिनं ‘९ नोव्हेंबर २०२३’ असं ठळक लिहिलं, आणि लॅपटॉप उलटा करून ती त्याच्या पाठीवर, बॅटरी बसते तिथं, नीट दाबून चिकटवली.